टब काठोकाठ भरलाय आणि मशीन म्हणतंय "पाणी येत नाही"

साठमारीकर | सोमवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. कपडे धुवायच्या मशीननं वैताग आणलाय म्हणून इथं लिहितोय.

टॉप लोड, फुल्ली ऑटोमॅटिक, साडेसहा किलोचं. घेऊन सहा वर्षं झाली. कंपनीचं नाव मुद्दाम घालत नाही, नाहीतर कुठली कंपनी भारी यावरच धागा जाईल. मागं फ्रिजच्या धाग्यावर तेच झालं होतं.

गेल्या गुरुवारी बायकोनं मशीन लावलं आणि भाजी आणायला गेली. परत आली तर पाणी टबाच्या काठाला आणि मागच्या पाईपातून गटारीत धो धो. गच्चीवरची पाचशे लिटरची टाकी निम्मी झालेली. पॅनेलवर एरर. पुस्तिका शोधून काढली तर तिथं त्या एररचा अर्थ दिलाय, "पाण्याचा पुरवठा होत नाही, नळ तपासा." गळ्यापर्यंत पाण्यात उभं राहून तहान लागली म्हणून बोंबलावं, तसलं हे मशीन.

शुक्रवारी बरोबर चाललं. शनिवारी एकदम उलटं. कपडे धुऊन झाले, पाणी सगळं गेलं, मी हात घालून बघितलं, टब कोरडा. तरी मशीन पाणी सोडायच्या पायरीवरच अडकून बसलं. शेवटी दुसरा एरर, "पाणी जात नाही." रविवारी सकाळी परत शहाण्यासारखं चाललं.

माणूस बोलावला. त्यानं पॅनेल न उघडताच बोर्ड (मशीन चालवणारं आतलं सर्किट) गेलाय म्हणून सांगितलं. ४८०० रुपये, वर जुना बोर्ड परत द्यायचा. व्हिजिटचे ५०० घेऊन गेला. ४८०० घालायला हरकत नाही ओ, पण बोर्ड बदलून हे थांबेल का, असं विचारलं तर म्हणाला, "बघूया की." हे "बघूया की" माझ्या पैशानं बघायचं होतं.

पेठकर | सोमवार, रात्री ९:५२

बाथरूमात मच्छिंद्री झाली म्हण की 😄

साठमारीकर | सोमवार, रात्री ९:५५

हसा लेको. (बाहेरगावच्यांसाठी : पंचगंगा शिवाजी पुलाच्या ठरावीक खुणेपर्यंत चढली की कोल्हापुरात मच्छिंद्री झाली म्हणतात. पेठकरला पावसाळ्यात दुसरा उद्योग नसतो.)

तिसरा मजला | सोमवार, रात्री १०:२०

पहिला एरर मला पण यायचा. आमची टाकी गच्चीवर आणि मशीन लगेच खालच्या मजल्यावर. नळापासून टाकीतल्या पाण्याची उंची जेमतेम दोन मीटर. दहा मीटर उंचीच्या पाण्याचा दाब साधारण एक बार धरतात, म्हणजे आमचा ०.२ बार. पुस्तिकेत कमीत कमी ०.३ लिहिलंय, काही मशीनना ०.५ लागतो. पाणी करंगळीएवढं यायचं, ठरलेल्या वेळेत टब भरायचा नाही आणि मशीन ओरडायचं. शिवाय इनलेट पाईप जिथं मशीनला जोडतात तिथं आत बारीक जाळी असते, ती गाळानं भरते. पक्कडीनं हळू ओढली की निघते. ती साफ केली आणि छोटा प्रेशर पंप लावला, तेव्हापासून त्रास नाही.

साठमारीकर | सोमवार, रात्री १०:३१

जाळी बघितली, स्वच्छ आहे. आणि दादा, माझ्याकडं पाणी कमी येत नाही, थांबत नाही!

तिसरा मजला | सोमवार, रात्री १०:३३

हो की. एररचं नाव बघून लिहिलं, लक्षण वाचलंच नाही.

उद्यमनगरी | सोमवार, रात्री ११:१०

पेठकर, बाजूला सर. विषय माझा हाय.

साठमारीकर, पहिली गोष्ट. पुढच्या वेळी पाणी थांबत नसलं की मशीनचा प्लग काढायचा. पॅनेलचं बटण नव्हे, भिंतीतला प्लग. वीज गेल्यावर पण पाणी येतच राहिलं तर इनलेट व्हॉल्व्हमधे, म्हणजे पाणी आत सोडणाऱ्या झडपेत, कचरा अडकलाय, तो मिटत नाही. प्लग काढल्याबरोबर पाणी बंद झालं तर व्हॉल्व्ह चांगला, त्याला वरून "बंद हो" असा हुकूमच मिळत नाही. हे बघून सांग, मग पुढचं.

साठमारीकर | मंगळवार, सकाळी ८:०५

आत्ताच बघितलं. आज परत काठापर्यंत आलं होतं. प्लग काढला, लगेच बंद. थेंबसुद्धा नाही.

उद्यमनगरी | मंगळवार, दुपारी १:३०

व्हॉल्व्ह निर्दोष सुटला. जेवणाची सुट्टी हाय, जरा सविस्तर लिहितो.

पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर मोजपट्टी असते. ३९ फुटांना इशारा, ४३ ला धोका, जाऊन डोळ्यांनी बघता येतं. मशीनच्या टबात असली पट्टी नसते. मशीनला पाणी दिसतच नाही. ते बघतं फक्त हवा.

रिकामा पेला उपडा करून बादलीत दाब. आतली हवा बाहेर जाऊ शकत नाही, दबते. जेवढा खोल नेशील तेवढी जास्त दबते. बाहेरच्या टबाच्या तळाला असलाच एक छोटा कप्पा असतो, त्याला एअर ट्रॅप म्हणतात. त्याच्या डोक्यातून बोटापेक्षा बारीक एक नळी निघते, टबाच्या बाहेरून वर येते आणि पॅनेलखाली एका चपट्या डबीला जोडलेली असते. ती डबी म्हणजे लेव्हल सेन्सर, जुने मेस्त्री प्रेशर स्विच म्हणतात. टबात पाणी चढलं की कप्प्यातली हवा दबते, नळीतून दाब वर जातो, डबीतला पडदा हलतो. जुन्या मशीनमधे पडदा कटकन स्विच दाबायचा. हल्लीच्या डबीत पडद्याला लोखंडी गाभा आणि भोवती तारेचं वेटोळं असतं, गाभा सरकला की फ्रिक्वेन्सी बदलते. रिकाम्या टबाला २५ हजार हर्ट्झच्या आसपास, पाणी चढेल तशी खाली उतरते. बोर्ड त्यावरून पाणी किती ते ओळखतो.

आता दाब किती म्हणशील तर ३० सेंटिमीटर पाण्याला जेमतेम ३ किलोपास्कल. आपल्या भोवतालच्या हवेच्या दाबाच्या ३ टक्के. एवढ्याशा फरकावर सगळा कारभार. नळीला सुईएवढं भोक पडलं तर हवा हळूहळू निसटते, मशीनला वाटतं पाणी उतरलं, ते आणखी घेतं. उंदरानं नळी कुरतडल्याची केस मी स्वतः बघितलीय. आणि जास्त भरलं तर थांबवायची जी सोय असते ती पण ह्याच डबीच्या भरवशावर. डबीला दाबच पोचला नाही तर मशीन दोन्हीकडनं आंधळं.

तुझी केस मला आवडली, कारण ते दोन्ही बाजूंनी खोटं बोलतंय. नुसतं भोक असतं तर फक्त जास्त भरलं असतं. कोरड्या टबात पाणी आहे म्हणायला आत दाब कोंडून राहायला लागतो. मला वाटतं खालचा कप्पा नाहीतर नळीचं तोंड चोंदलंय. भरताना दाब वर जात नाही. धुता-धुता चिखलातनं वाट काढत हळूहळू चढतो. मग पाणी सोडलं तरी वरचा दाब खाली उतरत नाही. रात्रभरात झिरपून जातो, म्हणून रविवारी सकाळी मशीन शहाणं.

बोर्ड गेला असता तर तो बहुधा असा रात्र गेल्यावर शहाणा झाला नसता.

पेठकर | मंगळवार, दुपारी १:४१

नाद खुळा. साहेब शाळेत शिकवायला पाहिजे होते.

पुण्यातला कोल्हापूरकर | मंगळवार, दुपारी २:१५

माहिती छान. पण सेन्सरच खराब असेल तर? तीनचारशेपासून मिळतात, सरळ बदलून टाकायचा. कशाला एवढी चौकशी?

उद्यमनगरी | मंगळवार, दुपारी २:२०

पुण्याचं पाणी प्यायल्यावर असंच होतं भावा, आधी बदलायचं मग बघायचं. 😄 त्यात आणि बोर्डवाल्यात फरक काय मग? तो ४८०० नं चुकला, तू चारशेनं चुकशील.

सेन्सर का नळी, हे फुकटात कळतं. साठमारीकर, परत कोरड्या टबावर अडकलं की प्लग काढ. पॅनेलच्या मागचे स्क्रू डिसमिसनं काढ, पॅनेल हळू उचल, तारा ओढू नको. डबीवरनं नळी उपस. उपसताना 'फुस्स' झालं तर समज, आत दाब कोंडला होता. नळी काढलेलीच ठेवून, तारांना हात न लावता, परत चालू कर. आता डबी मोकळ्या हवेत हाय, तिनं 'टब रिकामा' म्हणायला पाहिजे. म्हणाली तर डबी चांगली, खाली चोंदलंय. नळी काढून पण पाणी हाय म्हणत बसली, तर डबी नाहीतर तिची वायर. मग आण चारशेची.

फरशी कोरडी पाहिजे, पायात चप्पल पाहिजे. आत २३० व्होल्ट असतात, हे विसरू नको.

आजीचा पाटा | मंगळवार, दुपारी ४:००

मला यातलं यंत्र-तंत्र कळत नाही. पण सहा वर्षं चाललेलं आत्ताच का चोंदलं? महिन्या-दोन महिन्यात कपड्यांत काय बदललंय का? आमच्याकडं नातू झाला तेव्हा लंगोट-दुपट्यांच्या धाग्यांनी मोरी तुंबायची. पावडर बदलली का? की गार पाण्यात पावडर जास्त घालताय?

साठमारीकर | मंगळवार, संध्याकाळी ६:३०

काकू, तुम्ही बरोबर नेम धरलाय, मी आत्तापर्यंत हे सांगितलंच नाही. थोरला पोरगा दिवाळीनंतर तालमीत जायला लागलाय. रोजचे दोन वेळचे कपडे तांबड्या मातीनं माखलेले. आई आधी बादलीत खंगाळायची. ती गावाला गेल्यापासून आम्ही तसेच मशीनमधे टाकतोय. आणि डाग निघत नाहीत म्हणून पावडर दुप्पट. पाणी गारच.

पेठकर | मंगळवार, संध्याकाळी ६:३८

अरं मर्दा! तालमीच्या हौद्यातली माती म्हणजे काय नुसती माती असती व्हय? ताक, लिंबू, हळद, तेल घालून मळलेली असती ती. अंगाला चिकटावी म्हणूनच तसली करतात. ती तू मशीनला खायला घालालाईस.

उद्यमनगरी | मंगळवार, संध्याकाळी ७:०२

झालं, केस सुटली. पोयट्याची बारीक माती, त्यात तेल, वर न विरघळलेली पावडर आणि टॉवेलचे धागे. ह्याच्यापेक्षा चांगला गिलावा गवंड्याला जमणार नाही. तळाच्या कप्प्यात पाणी फिरत नाही, जे बसलं ते बसलंच.

काकू, तुम्ही आमच्या वर्कशॉपला या.

आजीचा पाटा | मंगळवार, संध्याकाळी ७:१०

चहा पाजणार असाल तर येते.

गोकुळ गल्ली | मंगळवार, रात्री ८:४५

मधेच विचारतो, माफ करा. आमचं फ्रंट लोड आहे. पाणी सारखं येतच राहतं पण टब भरत नाही, काचेतून बघितलं तर तळाशी थोडंसंच. हे पण त्या नळीचंच का?

तिसरा मजला | मंगळवार, रात्री ८:५८

यावेळी लक्षण नीट वाचून लिहितोय. तुमचा बाहेर जाणारा पाईप जमिनीवर मोरीत सोडलाय का?

गोकुळ गल्ली | मंगळवार, रात्री ९:००

होय. नवीन फरशी केली तेव्हा भिंतीतला आउटलेट बुजवला, तेव्हापासून खाली सोडलाय.

तिसरा मजला | मंगळवार, रात्री ९:०४

मग सेन्सरला दोष देऊ नका. पाईपाचं तोंड टबातल्या पाण्याच्या खाली गेलं, की पाणी एकदा सुटल्यावर आपोआप ओढलं जातं. पेट्रोल नळीनं काढतात तसंच. इकडून येतंय, तिकडून जातंय. मशीनच्या मागं पाईप जिथं अडकवलेला येतो ती कमान ६० सेंटिमीटर ते एक मीटर उंचीवर पाहिजे, शिवाय पाईपाचं टोक मोरीच्या भोकात घट्ट कोंबायचं नाही, हवा जायला फट ठेवायची.

साठमारीकर | बुधवार, रात्री १०:५०

मोठा रिपोर्ट आहे, चहा घेऊन बसा.

आज संध्याकाळी कोरड्या टबावर अडकलं. आयुष्यात पहिल्यांदा एरर आल्यावर आनंद झाला. प्लग काढला, पॅनेल उचललं. डबी सापडली, रुपयाच्या जुन्या नाण्याच्या दुप्पट, तीन तारा. नळी उपसली आणि खरंच 'फुस्स'. बायको शेजारी टॉर्च धरून उभी होती, तिनं पण ऐकलं. नळी काढलेलीच ठेवून चालू केलं तर एरर नाही, टब रिकामा असल्यासारखं पाणी घ्यायला लागलं. लगेच बंद केलं. म्हणजे डबी निर्दोष, बोर्ड निर्दोष.

मग माझ्या अंगात आलं. आमच्या वरच्या खोलीचं काम चाललंय, गवंड्याचा लेव्हल पाईप तिथंच पडलेला. त्याचा हातभर तुकडा मागून घेतला (गवंडी म्हणाला, मशीनची लेव्हल काढताय काय? म्हटलं, होय, तसंच). डबीला तो जोडला, दुसरं टोक बादलीत घालून हळूहळू वीतभर खाली नेलं. मशीनमधे पाणी नाही, आहे ते बादलीत, आणि मशीननं पाणी घ्यायचं थांबवून कोरडा टब फिरवायला सुरुवात केली! लगेच प्लग काढला. पण उद्यमनगरी, तुमचा उपडा पेला खरा निघाला. धाकट्या पोरीनं तीनदा करून बघितलं, चौथ्यांदा मी नको म्हटलं.

उद्यमनगरी | बुधवार, रात्री १०:५८

खटक्यावर बोट! असले प्रयोग करणारं गिऱ्हाईक मिळालं पाहिजे. साफ कसं केलंस?

साठमारीकर | बुधवार, रात्री ११:२०

तेच लिहितोय. मशीन दोघांनी धरून भिंतीला तिरकं टेकवलं, खाली विटा. टबाच्या बुडाशी नळी जिथं घुसते तिथली क्लिप पक्कडीनं सोडवली. नळी वरच्या बाजूला स्वच्छ, खालचं चार बोटं तांबडं-काळं. तोंडाला लोण्यासारखा लगदा. कप्प्याच्या तोंडात सायकलच्या ब्रेकची केबल घालून हलवली. केबल ताठ असते, पण टोकाला गुंडाळी करून घेतली, प्लास्टिकला भोक पडू नये म्हणून. मग मोठ्या सिरिंजनं कोमट पाणी आत मारलं. पहिल्या तीन वेळा पाणी उलटं माझ्याच तोंडावर. चौथ्यांदा आत 'बुडुक' झालं आणि टबात तांबडं पाणी उतरलं. निदान अर्धी वाटी चिखल निघाला. पंधरावीस सिरिंज मारल्यावर पाणी निवळ झालं.

नळी पिळून, झटकून कोरडी केली. आत पाण्याचा थेंब राहिला तरी रीडिंग बिघडतं, असं वाटलं म्हणून रात्रभर दोरीवर टाकलीय. जोडणार उद्या.

पुण्यातला कोल्हापूरकर | बुधवार, रात्री ११:२६

कॉम्प्रेसरनं हवा मारली असती तर दोन मिनिटांत झालं असतं.

उद्यमनगरी | बुधवार, रात्री ११:३१

आणि डबी जागेवर जोडलेली असती तर दोन सेकंदांत पडदा फाटला असता. पडदा ३ किलोपास्कलसाठी बनवलेला, टायरवाल्याच्या कॉम्प्रेसरला त्याच्या दोनशेपट दाब असतो. कोणी हवा मारणारच असेल तर आधी वरनं नळी सोडवा, हवा फक्त नळीत आणि खालच्या दिशेनं. तोंडानं फुंकलेली बास होते, पण ती पण डबीत नव्हे. मी एकदा मारून बसलोय म्हणून सांगतोय. ती मशीन मेव्हण्याची होती, अजून जेवायला बोलावत नाही.

साठमारीकर, नळी बरोबर केलीस. जोडताना दोन्ही टोकांच्या क्लिपा घट्ट, मधे कुठं मुडपलेली किंवा ड्रमला घासत नको, आणि डबीकडं वर चढतच गेली पाहिजे. मधे लोंबली तर तिथं पाणी साठतं.

गोकुळ गल्ली | गुरुवार, सकाळी ९:१५

पाईप वर हुकात अडकवला. टब भरला. महिनाभर पाण्याचं बिल आम्ही मोरीत घातलं. तिसरा मजला, आभार.

साठमारीकर | शनिवार, रात्री ९:००

तीन दिवस झाले, सहा वेळा मशीन लावलं. पाणी मध्यम लेव्हलला मध्यम, फुलला फुल. कोरडा टब झाला की लगेच पुढच्या पायरीवर जातं. खर्च सिरिंजचा ४० रुपये. माणसाला फोन करून सांगितलं, तो म्हणाला, "बोर्ड आपोआप बरा झाला असेल." मी म्हटलं, बघूया की.

पोराचे कपडे आता आधी बादलीत. दोन पाण्यातनं खंगाळून, माती खाली बसू दिली की वरचं पाणी ओतायचं आणि मगच मशीन. पावडर परत एक चमचा.

पेठकर | शनिवार, रात्री ९:१२

आणि ती अर्धी वाटी माती?

साठमारीकर | शनिवार, रात्री ९:२५

मी गटारीत ओतायला निघालो होतो. पोरगं आडवं आलं. म्हणालं, "पप्पा, हौद्यातली माती हाय ती, गटारीत नको." मी म्हटलं, अरे साबणाचा चिखल आहे आता तो. ऐकेना. हौद्यात पाऊल टाकायच्या आधी ती माती कपाळाला लावतात त्यांना, वस्तादांनी पहिल्याच दिवशी सांगितलंय. शेवटी त्यानंच वाटी उचलली आणि परड्यात नारळाच्या बुडात रिकामी केली. वाटी मात्र धुतली नाही, मला धुवायला लागली.

आजीचा पाटा | शनिवार, रात्री ९:४०

वाटी मशीनमधे टाकली नाहीस ना?